गोळीतलं कोल्चिसिन कळलावीतच असतं, मग मूळ उगाळून का घेऊ नये?

प्रश्न थोडक्यात असा आहे. करवीर तालुक्यातले शेतकरी आबा, वय ६२. दोन वर्षांत चार वेळा पायाचा अंगठा रातोरात सुजून लालभडक झाला, पांघरुणाचा स्पर्शही सोसेना. हा गाऊट, म्हणजे युरिक अ‍ॅसिड साठून होणारा सांध्यांचा आजार. युरिक अ‍ॅसिड ९.२, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.६. बीपीची गोळी चालू आहे, तिच्या नावापुढे ‘एच’ लागतं. कोलेस्टेरॉलसाठी अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन. झटक्यासाठी डॉक्टरांनी कोल्चिसिनच्या ०.५ मिलिग्रॅमच्या गोळ्या दिल्या, पण त्या घेतल्या की जुलाब लागतात. गावातल्या एका जाणत्या माणसाने कळलावी या रानवेलीचं मूळ गोमूत्रात भिजवून, सहाणेवर उगाळून चाटवायला सांगितलंय. मुलाचं म्हणणं, गोळीसुद्धा कळलावीपासूनच बनते असं वाचलं, मग मूळच दिलं तर बिघडलं कुठं?

उत्तर आधी देतो: मूळ आबांच्या तोंडात जाऊ देऊ नका. चाटण नको, काढा नको, ‘नुसतं जिभेला लावून बघा’ तेही नको. आता कारण. ते नीट समजलं तर गोळी कशी घ्यायची हेही त्यातूनच कळेल, आणि आबांचे जुलाब का होतात याचाही उलगडा होईल.

मुलाने वाचलं ते खोटं नाही. कोल्चिसिन हे अल्कलॉइड, म्हणजे वनस्पती स्वतः तयार करते असं एक जहाल रसायन. १८२० साली पेलेतिए आणि काव्हान्तू या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी ते युरोपातल्या कोल्चिकम नावाच्या वनस्पतीतून वेगळं केलं. त्याच्याही कितीतरी शतकं आधीपासून तिचा कंद सांध्यांच्या दुखण्यावर वापरात होता. युनानी औषधातलं सुरंजान हे त्याच घराण्यातलं. आपली कळलावीही त्याच कुळातली, आणि तिच्या कंदात नि बियांत हाच रेणू असतो. तमिळनाडूत कळलावीची रीतसर शेती होते, बियांना औषध कंपन्यांकडून चांगला भाव मिळतो. म्हणजे गोळीतला रेणू आणि मुळातला रेणू एकच, यात वाद नाही. वाद आहे तो मापाचा.

कळलावीच्या कंदात कोरड्या वजनाच्या साधारण ०.१ ते ०.३ टक्के कोल्चिसिन सापडतं. आकडा छोटा दिसतो, म्हणून हिशोब मांडून बघा. वाळलेल्या कंदाचा एक ग्रॅम, म्हणजे चिमूटभर पूड. त्यात एका झाडाच्या बाबतीत १ मिलिग्रॅम असेल, दुसऱ्याच्या बाबतीत ३. गोळ्यांच्या भाषेत एका चिमटीत दोन गोळ्या किंवा सहा गोळ्या, आणि कुठल्या चिमटीत किती ते डोळ्यांना दिसत नाही. कंद कोवळा की जून, कुठल्या जमिनीतला, फुलण्याआधी खणला की नंतर, ओला की वाळलेला, सहाणेवर किती वेढे दिले, या प्रत्येक गोष्टीने आकडा हलतो. बियांत तर कंदापेक्षाही जास्त असतं. ज्या औषधाचा उपयोग होणारा डोस आणि विषारी डोस एकमेकांना खेटून आहेत, ते असं अंदाजपंचे देता येत नाही. पॅरासिटामॉलचा डोस थोडा मागेपुढे झाला तर निरोगी माणसाला सहसा काही होत नाही. कोल्चिसिनच्या बाबतीत ती सवलत नाही.

आता गोमूत्रातल्या शोधनाबद्दल, म्हणजे विषारी द्रव्याची तीव्रता कमी करण्याच्या विधीबद्दल. आयुर्वेदात लांगली, म्हणजेच कळलावी, उपविषांत गणलेली आहे. शोधनाचा विधी सांगितलाय तोच मुळी ती विषारी आहे हे ओळखून. कोल्चिसिन पाण्यात विरघळतं, त्यामुळे चकत्या करून द्रवात भिजवल्या की काही भाग बाहेर पडतो हे खरं. पण किती बाहेर पडला नि किती आत राहिला हे घरच्या भांड्यात कळायला मार्ग नाही. वाळवून किंवा उकळूनही ते नाहीसं होईल असा भरवसा धरता येत नाही. औषध कायद्याच्या नियमांत विषारी आयुर्वेदिक द्रव्यांची ‘ई-१’ ही यादी आहे, तीत धोतरा, वत्सनाभ, गुंज यांच्या पंगतीला लांगली बसलेली आहे. अशी द्रव्यं असलेलं औषध पोटात घ्यायचं तर वैद्यकीय देखरेखीखालीच, असा इशारा डबीवर छापावा लागतो. शिकलेला वैद्य हे जाणून असतो. तुम्हाला मूळ सांगणारा माणूस वाईट हेतूने सांगत असेल असं नाही, पण क्रिएटिनिन १.६ चा अर्थ त्याने विचारात घेतलेला नाही.

झाड ओळखून ठेवा, कारण धोका नुसत्या औषधाचा नाही. पावसाळ्यात पन्हाळा, जोतिबा, आंबा घाट, गगनबावडा, राधानगरी या पट्ट्यात कुंपणांवर, झुडपांत ही वेल सहज दिसते. पानाचं टोक वळून तणावा होतं आणि त्याच्या आधाराने ती चढते. फूल उमलताना हिरवट पिवळं, मग केशरी, मग लालभडक, पाकळ्या ज्वाळेसारख्या वर वळलेल्या नि कडेला मुरडलेल्या. म्हणून अग्निशिखा. कंद नांगराच्या आकाराचा, दोन फाट्यांचा, म्हणून लांगली. रानातले कंद खणताना तो रताळं किंवा करांदा समजून शिजवला गेल्याने विषबाधा होते. श्रीलंकेत अशा घटना वैद्यकीय नियतकालिकांत वारंवार नोंदल्या गेल्या आहेत. ‘कळलावी’ नावाचा उगम बाळंतपणाच्या कळांशी जोडतात. अडलेल्या बाईच्या बेंबीला किंवा तळपायाला कंदाचा लेप लावण्याची जुनी चाल होती. तिचं आणखी एक संस्कृत नाव आहे गर्भपातिनी. ही चाल कुठे उरली असेल तर थांबवा. बाई अडली असेल तर तिला दवाखान्याची गाडी हवी.

नावांचा आणखी एक घोळ आहे आणि तो जिवावर बेतू शकतो. आपल्याकडे कळलावीला खड्यानाग म्हणतात, काही भागांत बचनागही म्हणतात. पण खरा बचनाग, वत्सनाभ, ही हिमालयातली वेगळीच वनस्पती. तिच्यातलं अ‍ॅकोनिटिन थेट हृदयाच्या ठोक्यांवर घाव घालतं. ते पोटात गेलं तर काही मिनिटांत ते एकदोन तासांत ओठ-जीभ बधिर होतात, मुंग्या येतात, ठोके बेताल होतात. कळलावी पहिले काही तास गप्प असते. दोन्हींचे उपचार वेगळे, घाईची जात वेगळी. म्हणून दवाखान्यात नुसतं ‘बचनाग खाल्ला’ सांगून भागत नाही, उरलेला कंद, पान, फूल, निदान फोटो बरोबर न्यायचा.

आता हा रेणू शरीरात करतो काय. आपल्या प्रत्येक पेशीच्या आत अतिसूक्ष्म नळ्यांचा सांगाडा असतो. ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या विटा एकमेकींना जोडून या नळ्या सतत बांधल्या जातात, मोडल्या जातात. मांडव घालताना बांबू उभे करावेत, काम झालं की उतरवावेत, तसं. कोल्चिसिन त्या विटांना चिकटतं आणि मांडव उभाच राहू देत नाही. गाऊटच्या झटक्यात युरिक अ‍ॅसिडचे सुईसारखे स्फटिक सांध्यात पडतात आणि पांढऱ्या पेशी त्यांच्यावर तुटून पडतात. दाह होतो तो त्या पेशींच्या धावपळीमुळे. पेशीला सरकायला हाच सांगाडा लागतो. तो ढिला पडला की धावपळ मंदावते, दाहाचे निरोप पाठवणारी यंत्रणाही थंडावते आणि अंगठा निवतो. लक्षात घ्या, युरिक अ‍ॅसिड याने एका अंशानेही कमी होत नाही.

पेशी दुभंगून दोन होताना गुणसूत्रं ओढून वाटायचं कामही याच नळ्या करतात. त्या नसल्या की विभाजन अर्ध्यात अडकतं. (वनस्पतीशास्त्रज्ञांनी १९३७ पासून याचाच फायदा घेऊन रोपांतली गुणसूत्रं दुप्पट केली. बिनबियांच्या कलिंगडाच्या बियाण्यामागे हेच तंत्र आहे. फळात कोल्चिसिन नसतं, काळजी नको.) माणसाच्या शरीरात ज्या पेशी सर्वात भराभर दुभंगतात त्यांनाच पहिला फटका बसतो: आधी आतड्याचं अस्तर, मग हाडांतला मगज जिथे रक्त तयार होतं, मग केसांची मुळं. म्हणजे औषधाचा गुण आणि विषाचा अवगुण ही दोन वेगळी कामं नाहीत. काम एकच, मात्रा बदलली की ते उपकारक ठरतं किंवा घातक.

यावरून आबांच्या जुलाबांकडे बघा. पूर्वी सर्रास असं सांगत: झटका आला की तासाला एक गोळी घ्या, दुखणं थांबेपर्यंत किंवा जुलाब लागेपर्यंत. हा सल्ला अजूनही तोंडोतोंडी चालतो आणि तो चूक आहे. जुलाब म्हणजे आतड्याचं अस्तर दुखावल्याची खूण, विषबाधेची पहिली पायरी. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, ज्यांना झटका येऊन १२ तासही झाले नव्हते अशा रुग्णांत दोन पद्धती ताडून पाहिल्या. एका गटाला सहा तासांत ४.८ मिलिग्रॅम, दुसऱ्याला एका तासाच्या अंतराने मिळून फक्त १.८ मिलिग्रॅम. गुण जवळपास सारखाच आला, जुलाब मात्र छोट्या डोसात फारच कमी. तेव्हापासून छोटा डोस हीच रीत.

आपल्याकडच्या ०.५ च्या गोळीत ते असं बसतं: झटक्याची चाहूल लागताच दोन गोळ्या, बरोबर एका तासाने एक, आणि त्या दिवशी बास. तीन गोळ्या, दीड मिलिग्रॅम. दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ एकेक, दुखणं ओसरेपर्यंत. मूत्रपिंड नाजूक असेल तर दिवसाला एकच. गोळी जितकी लवकर पोटात जाईल तितका गुण. तिसऱ्या दिवशी अंगठा पेटलेला असताना सुरू केली तर फारसं हाती लागत नाही, मग माणूस चिडून गोळ्या वाढवतो आणि तिथेच फसतो. जुलाब, उलटी, पोटात मुरडा यांतलं काहीही सुरू झालं की पुढची गोळी घ्यायची नाही, डॉक्टरांना फोन करायचा.

६२ वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन १.६ म्हणजे मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता मिनिटाला साधारण ४८ मिलिलिटर, निरोगी माणसाच्या जवळपास निम्मी. कोल्चिसिन निम्मं उतरायला एरवीच एक दिवसाच्या आसपास लागतो, अशा माणसात ते आणखी रेंगाळतं. आबांच्या चिठ्ठीवर ‘दिवसातून तीन वेळा, पाच दिवस’ असं काही असेल तर जुलाबांचं कारण बहुधा तिथेच सापडेल. चिठ्ठी आणि रिपोर्ट एकत्र घेऊन जा आणि ‘क्रिएटिनिन १.६ आहे, डोस कमी करायचा का’ असं सरळ विचारा. क्षमता ३० च्या खाली गेलेल्यांना झटक्याचा डोस एकदा दिला की दोन आठवडे पुन्हा द्यायचा नसतो. डायलिसिसवरच्या रुग्णात तर त्याहूनही जपून.

औषधांची भांडणं हा या गोळीचा सर्वात दुर्लक्षित भाग आहे. आतड्यात आणि यकृतात दोन यंत्रणा कोल्चिसिनला बाहेर काढतात. काही औषधं त्या दोन्ही बंद पाडतात, आणि मग नेहमीचीच एक गोळी तीन-चार गोळ्यांसारखी वागते. पहिलं नाव क्लॅरिथ्रोमायसिन. छातीच्या संसर्गाला देतात, पोटातल्या अल्सरच्या जंतूसाठीच्या किटमध्येही असतं. मूत्रपिंड कमजोर असलेल्या माणसात या जोडीने जीव गेलेले आहेत. प्रतिजैविक लागलंच तर अ‍ॅझिथ्रोमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिन यांचा असा त्रास फारसा नाही, तेवढं डॉक्टरांच्या कानावर घालायचं. दुसरं नाव आपल्या भागात महत्त्वाचं: इट्राकोनॅझोल. उसाच्या फडात घामाने, पावसाने भिजलेल्या कपड्यांत काम, त्यातून गजकर्ण, आणि त्यावर आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या या कॅप्सूल, दुकानातून परस्पर आणलेल्याही. आबा गजकर्णाला काही घेत असतील तर आधी ते नाव वाचा. टर्बिनाफिन असेल तर ही अडचण नाही. बीपी-हृदयाच्या औषधांत डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल, मूत्रपिंड बदललेल्यांचं सायक्लोस्पोरिन, एचआयव्हीच्या उपचारातलं रिटोनाव्हिर हीही त्याच रांगेतली. अ‍ॅम्लोडिपिनचं मात्र भय नाही.

अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनची गोष्ट निराळी. कोल्चिसिन रोज घेणाऱ्याच्या स्नायूंना हळूहळू इजा होऊ शकते, मूत्रपिंड कमजोर असेल तर लवकर, आणि सोबत स्टॅटिन (अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनच्या गटातलं औषध) असेल तर शक्यता वाढते. ती अशी ओळखायची: भारतीय पद्धतीच्या संडासातून उठताना हात टेकावे लागतात, जिना चढताना मांड्या साथ देत नाहीत, वर फळीवरचा डबा काढताना हात थकतात. दुखेलच असं नाही. वयाचा परिणाम म्हणून सोडून देऊ नका, सीपीके ही रक्ततपासणी करा. वेळेत गोळी बंद केली तर स्नायू सावरतात. दोन्ही औषधं एकत्र चालू शकतात, डोळे उघडे ठेवून. स्टॅटिन मनाने बंद करू नका, हृदयासाठी ती लागते.

कुणी कळलावी खाल्ली, किंवा गोळ्या जास्त गेल्या, तर काय होतं ते क्रमाने ठाऊक असावं, कारण हा क्रमच माणसाला चकवतो. पहिले दोन ते बारा तास काही नाही, किंवा नुसती मळमळ. मग उलट्या, पाण्यासारखे जुलाब, पोटात कळा. बघणाऱ्याला वाटतं, शिळंपाकं खाल्लं असेल, गॅस्ट्रो झाला असेल. सलाईन लावलं की माणूस हुशारतो. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी वाढलेल्या, त्यामुळे संसर्गच आहे असं वाटतं. दुसऱ्या दिवशी बरं वाटतंय म्हणून घरी नेतात, आणि खरा घाला पडतो तो इथे. दुसऱ्या ते सातव्या दिवसात रक्तदाब ढासळतो, लघवी कमी होते, श्वास लागतो, हृदयाचे ठोके बिघडतात, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट तळाला जातात, ताप येतो. या आठवड्यातून जो तगला त्याचे दोन-तीन आठवड्यांच्या सुमाराला केस झडतात, पुढे ते परत येतात. कधीकधी तर केस गळाल्यावरच ‘हा गॅस्ट्रो नव्हता’ हे कळतं.

म्हणून खाल्ल्याचा नुसता संशय असला आणि माणूस ठणठणीत दिसत असला तरी १०८ ला फोन करून अतिदक्षता विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयात न्यायचं, कोल्हापुरात सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे. लहान गावातल्या खाटेवर एक सलाईन लावून थांबायचं हे प्रकरण नाही. मिठाचं पाणी पाजून, घशात बोटं घालून उलटी काढू नका, त्यात ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका जास्त. लिंबू, ताक, तूप यांनी विष उतरत नाही. पहिल्या काही तासांत रुग्णालयात दिलेला औषधी कोळसा मात्र उपयोगी पडतो, आणि तो पुन्हा पुन्हा देतात, कारण कोल्चिसिन पित्तावाटे परत आतड्यात येत राहतं. डायलिसिसने हे विष निघत नाही, ते ऊतींत खोल शिरलेलं असतं. मूत्रपिंड बंद पडलं तर त्याला आधार म्हणून डायलिसिस करतात, तेवढंच. उतारा म्हणून बाजारात मिळेल असं इंजेक्शन नाही. विषाला पकडणारी प्रतिपिंडं १९९५ साली फ्रान्समध्ये एका तरुणीला देऊन तिचा जीव वाचल्याची नोंद आहे, पण ही प्रतिपिंडं औषध म्हणून उपलब्ध झाली नाहीत. जे काही करायचं ते अवयव तगवून धरण्याचं: द्रव, रक्तदाब, श्वास, मगजाला चालना देणारी इंजेक्शनं, रोजची रक्ततपासणी. डॉक्टरांना सल्ला हवा असेल तर दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ वर दिवसरात्र उत्तर देतं.

मग आबांनी घ्यायचं काय? कोल्चिसिन सोसत नसेल तर दुसरा रस्ता आहे आणि तो डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाच्या इंजेक्शनचा नव्हे. बीपीच्या गोळीतला ‘एच’ म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, लघवी वाढवणारं. त्यासोबत टेल्मिसार्टनसारखं औषध असतं, बहुतेक आबांच्याही गोळीत असेल. या जोडीवर तिसरं म्हणून ते वेदनाशामक इंजेक्शन पडलं की आधीच निम्मं काम करणारं मूत्रपिंड बसतं. अशा रुग्णात प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ३० ते ३५ मिलिग्रॅम रोज, फक्त पाच दिवस, हा चांगला पर्याय आहे. साखर असेल तर ती तपासत राहायची, आणि हा निर्णय डॉक्टरांचाच. अंगठ्याला कापडात गुंडाळलेला बर्फ, पाय उंचावर. शेक अजिबात नको.

हाच ‘एच’ युरिक अ‍ॅसिडही वाढवतो. तो बदलता येईल का हे विचारा. लोसार्टन हे बीपीचं औषध युरिक अ‍ॅसिड थोडं खाली आणतं, काहींना तो बदल पुरतो.

पण दोन वर्षांत चार झटके नि ९.२ चा आकडा म्हटल्यावर झटके विझवत बसणं पुरेसं नाही. युरिक अ‍ॅसिड कमी करणारं अ‍ॅलोप्युरिनॉल लागेल. मूत्रपिंड असं असताना ५० किंवा १०० मिलिग्रॅमपासून सुरुवात करून दर काही आठवड्यांनी वाढवत युरिक अ‍ॅसिड ६ च्या खाली आणायचं आणि तिथेच ठेवायचं. इथे बहुतेक जण चुकतात. औषध सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यांत झटके वाढू शकतात, कारण साठलेले स्फटिक विरघळताना सुटे होतात. लोकांना वाटतं औषध बाधलं, नि ते बंद करतात. त्या तीन ते सहा महिन्यांसाठीच कोल्चिसिन ०.५ रोज एक, असं पांघरूण घालतात, आणि या गोळीचा सर्वात चांगला उपयोग खरं तर हाच. झटका आला तरी अ‍ॅलोप्युरिनॉल थांबवायचं नाही. अंगावर पुरळ उठलं तर मात्र त्याच क्षणी बंद करून दवाखाना गाठायचा.

पथ्याबद्दल विचारलं नाहीत, तरी कोल्हापुरात हा विषय टाळता येत नाही. मटणातलं प्युरिन, ज्यापासून शरीरात युरिक अ‍ॅसिड बनतं, ते पाण्यात उतरतं, त्यामुळे मटणाचे तुकडे बाजूला काढून नुसता पांढरा रस्सा प्यायलो तर चालतं, हा समज उलटा आहे. मटण शिजवलेल्या अळणी पाण्यात ते भरपूर असतं. कलेजी, खूर, बिअर ही बंदच बरी. गूळ आणि उसाचा रस यांचा विचार कुणी करत नाही. साखरेचा अर्धा भाग फ्रुक्टोज, आणि ते यकृतात जिरताना युरिक अ‍ॅसिड तयार होतं. गुऱ्हाळाच्या हंगामात तांब्याभर रस रोज पिणाऱ्याला हे सांगायलाच हवं. डाळी, पालक, टोमॅटो यांच्यावर उगाच राग काढू नका, दूध-ताक तर चांगलंच. तरीही नुसत्या पथ्याने ९.२ चा आकडा ६ पर्यंत उतरण्याची आशा धरू नका, फरक पडतो तो साधारण एखाद्या अंकाचा.

नावावरून होणारी एक गफलत. कंबर-मानेच्या दुखण्यावर मिळणाऱ्या गोळ्यांत थायोकोल्चिकोसाइड असतं, तेही कळलावीपासूनच बनतं. ते स्नायू सैल करणारं औषध, गाऊटवर त्याचा उपयोग नाही. गर्भवतीला ते वर्ज्य, आणि सलग सात दिवसांपलीकडे घेऊ नये असं युरोपच्या औषध नियामकाने २०१३ साली बजावलं आहे. घरात ‘कोल्चि’ अक्षरं असलेल्या दोन पट्ट्या असतील तर वेगवेगळ्या डब्यांत ठेवा.

कोल्चिसिनचे इतर उपयोग आहेत. हृदयाभोवतीच्या आवरणाला सूज आली तर तीन महिने देतात. भूमध्य प्रदेशातल्या आनुवंशिक तापावर १९७२ पासून वापरतात. २०२३ साली अमेरिकेत हृदयविकाराचा धोका कमी करायला रोज ०.५ मिलिग्रॅमला मान्यता मिळाली, पण तिथेही मूत्रपिंड निकामी असलेल्यांना ते वर्ज्यच. ‘हृदयालाही चांगलं’ म्हणून कुणी स्वतःहून चालू ठेवू नये.

राहिलं घरी आणून ठेवलेलं मूळ. ते गोठ्यापाशी किंवा उकिरड्यावर टाकू नका, शेळ्या-गुरं आणि कुत्र्यांनाही ते बाधतं. पिशवीत बांधून खोल पुरा, हात साबणाने धुवा. आणि ते सहाणेवर एकदा जरी उगाळलं असेल तर ती सहाण बाजूला काढा. दगडाच्या बारीक भेगांत लगदा राहतो, आणि कोल्हापुरातल्या कितीतरी घरांत बाळाची गुटी त्याच सहाणेवर उगाळतात.